घड्याळात एक वाजला होता

गुरुजींची गाडी माझ्या गॅरेजपुढे थांबली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. गाडीतल्या घड्याळात मात्र एक वाजून चौदा मिनिटं झाली होती. काचेतून माझी नजर आधी त्या घड्याळावर गेली आणि मग डॅशबोर्डवरच्या पिवळ्या इंजिनच्या दिव्यावर.

"भाऊ, बॅटरी नवी कोरी टाकली जी, अन् हा दिवा काहून पेटला?"

गुरुजी जवळच्याच एका गावच्या शाळेत शिकवतात. शाळा उघडायला तीन-चार दिवस होते आणि बांधीत धानाचे पऱ्हे टाकायची घाई होती. त्यातच गाडीच्या जुन्या बॅटरीनं जीव सोडला. शहरातल्या एका दुकानातून त्यांनी नवी आणली आणि तिथल्याच पोरानं ती बसवून दिली. दुसऱ्या दिवशी दिवा पेटला आणि सिग्नलला थांबली की गाडी जागच्या जागी थरथरून बंद पडू लागली. एका ठिकाणी दाखवली तर उत्तर मिळालं, "ईसीएम गेला. तीस-पस्तीस हजार धरून चला." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. रात्रभर गुरुजींना झोप नव्हती, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

मोहाडी तालुक्यातल्या आमच्या करडीत एका अंगाला वैनगंगा आहे आणि दुसऱ्या अंगाला कोक्याचं जंगल. मधे सगळी धानाची शेती. माझ्याकडे ट्रॅक्टर येतात, दुचाक्या येतात, देव्हाड्याच्या साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या गाड्या येतात आणि आता शिक्षकांच्या, शेतकऱ्यांच्या छोट्या कारही येतात. बॅटरी बदलली आणि चेक लाइट लागला, ही तक्रार उन्हाळा सरताना हमखास ऐकू येते. त्यातल्या बहुतेक गाड्यांना मोठा खर्च लागत नाही. तरी लोकांना मोठा खर्च सांगितला जातो आणि ते घाबरून तो करतातही. म्हणून गुरुजींच्या गाडीचं त्या सकाळी काय झालं, ते सविस्तर लिहितो.

आधी घड्याळाची गोष्ट. या गाडीची वीज तोडून पुन्हा जोडली की घड्याळ एकपासून चालू होतं. मी गुरुजींना विचारलं, "बॅटरी लावल्यावर टाइम लावला नव्हता काय जी?"

"लावला ना. कालच संध्याकाळी लावला. परवाही लावला होता."

"घरून निघाले त्याला किती वेळ झाला?"

"झाला असेल पंधरा मिनिटं."

म्हणजे सकाळी त्यांनी घरी किल्ली फिरवली, त्याच घडीला गाडीची वीज क्षणभर पूर्ण तुटली होती आणि घड्याळ पुन्हा एकवर गेलं होतं. स्कॅनर लावायच्या आधीच अर्धं उत्तर समोर आलं होतं. नव्या बॅटरीत वीज भरपूर होती. ती गाडीपर्यंत पोहोचत नव्हती.

तरीही मी बॉनेट उघडलं नाही. पहिल्यांदा स्कॅनर लावला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण बॅटरीचा क्लॅम्प काढला की अनेक गाड्यांत साठवलेले बिघाडाचे कोड पुसले जातात. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि आजाराची खूण मात्र हातातून निसटते. जुन्या सवयीनं कितीतरी मिस्त्री आजही पहिलं काम तेच करतात: दहा नंबरचा पाना घेतात, बॅटरी पाच मिनिटं सोडतात आणि परत लावतात. तसं करू देऊ नका. कोड आधी वाचून घ्या, कागदावर उतरवा किंवा मोबाईलवर फोटो काढा.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. भारतात १ एप्रिल २०१३ पासून बीएस-फोर या धुराच्या मानकातल्या नव्या कारना ओबीडी-दोन ही स्वतःची तपासणी करणारी व्यवस्था सक्तीची झाली. बीएस-फोर देशभर लागू झालं २०१७ मध्ये आणि बीएस-सिक्स १ एप्रिल २०२० पासून. त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांतली जवळपास प्रत्येक कार या सॉकेटमधून बोलते. मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा छोटा रीडरही बाजारात मिळतो. गावातल्या चार गाडीमालकांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

हा दिवा मुळात कशासाठी आला, हे गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांना ते वर्गात सांगण्याजोगं वाटलं. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर १९४०च्या दशकात डोळे झोंबणारं धुरकं पसरायचं. हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९५०च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातले वायू उन्हात एकमेकांशी मिसळून ते धुरकं तयार होतं. पुढे त्याच कॅलिफोर्निया राज्यानं १९८८ पासून नियम केला की गाडीनं स्वतःच्या धुरावर स्वतः लक्ष ठेवावं आणि बिघाड झाला तर चालकाला दिव्यानं सांगावं. १९९६ पासून तिथल्या सगळ्या कारना एकच सॉकेट आणि एकच कोडांची भाषा आली. म्हणून हा पिवळा दिवा मुख्यतः धुराशी संबंधित गोष्टींवर पेटतो: हवा किती आली, पेट्रोल किती गेलं, ठिणगी बरोबर पडली का, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतो का. तेलाचा लाल दिवा आणि बॅटरीचा लाल दिवा वेगळे. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथंच बंद करायची, एक किलोमीटरही पुढे न्यायची नाही. पिवळा स्थिर दिवा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं.

पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ इंजिन जोरात मिसिंग मारतंय. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही आणि न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरकडे जातं. तिथं ते पेटून कन्व्हर्टर आतून वितळतो, आणि तो भाग फार महाग आहे. कोक्याच्या जंगलातून भंडाऱ्याला जाताना दिवा लुकलुकू लागला, तर ताबडतोब रेस कमी करावी, सुरक्षित जागा बघून थांबावं आणि गाडी ओढून न्यायची व्यवस्था करावी. जंगल पार करायच्या नादात एका भल्या माणसानं चाळीस मिनिटं तशीच गाडी हाणली होती. माझ्याकडे आली तेव्हा सायलेन्सर आतून खुळखुळ्यासारखा वाजत होता.

गुरुजींच्या गाडीत दोन कोड निघाले. पहिला पी०५६०. पहिलं अक्षर 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं. त्यापुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखा आहे. तिथं एक असता तर अर्थ कंपनीच्या पुस्तकात पाहावा लागला असता. पी०५६० चा अर्थ गाडीच्या वीजपुरवठ्यात गडबड. दुसरा पी०५०६, म्हणजे इंजिन स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) हवं त्यापेक्षा कमी फिरतंय. हा दुसरा कोड अजून कच्चा होता. एखादा दोष एकदा दिसला तर संगणक तो कच्चा लिहून ठेवतो आणि बऱ्याच दोषांच्या बाबतीत पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तरच पक्का करून दिवा लावतो.

कोडासोबत त्या क्षणाचा एक नोंदफोटोही साठवलेला असतो. गुरुजींच्या गाडीत लिहिलं होतं: वेग शून्य, इंजिनचं तापमान ३१ अंश, फेरे नेहमीच्या स्लोपेक्षाही कमी. म्हणजे सकाळी थंड इंजिनला सेल्फ मारला तेव्हाच ही गडबड झाली. घड्याळही तेच सांगत होतं.

एक गोष्ट इथं ठासून सांगावीशी वाटते. कोड हा पार्टचं नाव सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलायचा, व्होल्टेजचा कोड आला म्हणून ईसीएम बदलायचा, ही पद्धत गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा करते. शिवाय खरा दोष तसाच राहतो. घरात दिवे फडफडले तर आपण आधी बल्ब, होल्डर, फ्यूज बघतो. ट्रान्स्फॉर्मर बदला म्हणून कोणी सांगत नाही.

मग मीटर काढला. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट. शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२ च्या आसपास आली तर ती जवळपास रिकामी समजायची. इंजिन चालू केलं तर १४.१, म्हणजे अल्टरनेटर ठीक. हे आकडे एवढे चांगले होते की कोणीही म्हणेल, वीज उत्तम आहे, दोष संगणकाचा. त्या दुसऱ्या ठिकाणी बहुधा असंच झालं असावं.

पण ही मापं आरामातली आहेत. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. छोट्या कारचा सेल्फही शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एवढी वीज वाहताना जोडावर नुसता एक शतांश ओहमचा अडथळा असला, तरी तिथं एक ते दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणून मीटरचं एक टोक मी बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवलं, दुसरं त्याच खांबाला कवटाळून बसलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही जागा एकमेकांना चिकटलेल्या, बोटभर अंतरही नाही. तिथं जवळपास शून्य यायला हवं. फार तर एक दशांश व्होल्ट चालेल.

"गुरुजी, मारा सेल्फ."

मीटरनं १.३ दाखवलं. ऋण बाजूच्या क्लॅम्पवर.

क्लॅम्प हातानं हलवला तर किंचित फिरला. नट पूर्ण आवळलेला होता, तरी फिरला. दहाच्या पान्यानं नट सैल करून क्लॅम्प उचलला आणि आतून पत्र्याचा एक तुकडा निघाला. लाल रंगाचा, थंड पेयाच्या डब्याचा. कात्रीनं कापून खांबाभोवती गुंडाळलेला. आपल्याकडच्या बॅटऱ्यांत बारीक खांबाच्या आणि जाड खांबाच्या अशा दोन जाती येतात. गुरुजींची जुनी बॅटरी जाड खांबाची होती, नवी बारीक खांबाची निघाली. क्लॅम्प ढिला बसत होता, म्हणून त्या पोरानं पत्र्याची पट्टी घातली. वाईट हेतूनं नव्हे, त्याला तसंच शिकवलं असणार. पण पेयाच्या डब्याचा पत्रा बाहेरून रंगवलेला असतो आणि आतूनही त्याला पातळ लेप दिलेला असतो. ॲल्युमिनिअमवर विजेला अडवणारा ऑक्साइडचा थरही सहज चढतो. म्हणजे जिथून दीडशे अँपिअर जायचे, त्याच वाटेत त्यानं रंग आणि लेप घातला होता. वीज जात होती ती पट्टीच्या कापलेल्या काठांवरून. सेल्फ मारला की ती वाट अपुरी पडे आणि धक्का बसला की क्षणभर तुटेही.

अशा बारीक खांबासाठी शिशाची टोपी मिळते, अगदी किरकोळ किमतीला. खांब तारेच्या ब्रशनं घासला, क्लॅम्प आतून घासला, टोपी बसवून आवळला आणि वरून व्हॅसलीनचा हात दिला. पुन्हा सेल्फ मारून पाहिला तर मीटरवर ०.०५. बॅटरीच्या ऋण खांबापासून इंजिनच्या धातूपर्यंतची अर्थिंगही मोजली, कारण जुन्या गाड्यांत ती पट्टी गंजते आणि अगदी हीच लक्षणं दाखवते. ती ठीक होती.

तुम्ही घरी बॅटरी काढणार असाल तर ऋण, म्हणजे वजा बाजू आधी काढा आणि लावताना ती शेवटी लावा. गाडीचं सगळं धातूचं अंग वजा बाजूला जोडलेलं असतं. अधिकची बाजू सोडताना पाना बॉडीला लागला, तर थेट शॉर्ट होऊन पाना लाल होतो. आणि चालू इंजिनात टर्मिनल काढून "डायनॅमो चार्ज करतो का" बघायची जुनी मिस्त्रीगिरी पूर्ण बंद करा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते एखादवेळी खपलं असेल. आजच्या गाडीत बॅटरी अल्टरनेटरच्या लाटा पोटात घेते. ती एकदम काढली की कित्येक व्होल्टांचा झटका थेट संगणकावर जातो, आणि मग ईसीएम खरोखरच जाऊ शकतो.

आता दुसरा कोड, स्लो कमी असल्याचा. हा बॅटरी बदलण्याशी जोडलेला आहे, पण तो बॅटरीचा दोष नाही. इंजिनला हवा देणारी झडप म्हणजे थ्रॉटल. वर्षानुवर्षं तिच्या काठावर काळी काजळी बसते आणि हवेची फट बारीक होते. संगणक हे रोज थोडं थोडं शिकत जातो आणि झडप केसभर जास्त उघडून भरपाई करतो. मालकाला काही जाणवतच नाही. मग एक दिवस बॅटरी निघते आणि अनेक गाड्यांत ही शिकलेली सगळी आठवण जाते. संगणक पुन्हा नव्या, स्वच्छ थ्रॉटलच्या हिशेबानं झडप उघडतो, प्रत्यक्षात हवा कमी पडते आणि इंजिन थरथरून बंद पडतं. लोक म्हणतात, नवी बॅटरी लावली आणि गाडी बिघडली. खरं तर काजळी आधीपासून होती. गुरुजींच्या गाडीत तर ही आठवण रोज सकाळी नव्यानं पुसली जात होती.

थ्रॉटल काढून साफ केला. फडक्यावर डांबरासारखं काळं आलं. मग इंजिन तापून पंखा लागेपर्यंत थांबलो, एसी आणि दिवे सगळं बंद ठेवून दहा मिनिटं स्लोला चालू दिलं, नंतर एसी लावून आणखी पाच मिनिटं. संगणक पुन्हा शिकतो तो असा. प्रत्येक गाडीची रीत थोडी वेगळी असते आणि काहींना स्कॅनरमधूनच ते करावं लागतं, म्हणून गाडीचं पुस्तक बघावं. एवढं झाल्यावरच मी कोड पुसले.

पंखा लागायची वाट बघत बसलो होतो तेव्हा गुरुजींनी विचारलं, "बॅटरी मेलीच काहून जी? तीन वर्षं तर झाली." आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. बॅटरी म्हणजे शिसं आणि गंधकाचं आम्ल. प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ साली ती बनवली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. उष्णतेनं आतली रासायनिक क्रिया वेगानं होते, शिशाची जाळी गंजते, पाणी उडून जातं. बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा असा की दहा अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर येतं. थंड देशातल्या तोंडी आकड्यांवर विदर्भातल्या माणसानं विसंबू नये. इथं तीन वर्षं चालली तर ती बॅटरी आपलं काम करून गेली. आणि जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका, शिसं विषारी आहे. विकणाऱ्या दुकानालाच परत द्या, तिचे पैसेही वळते होतात.

दर वेळी कारण क्लॅम्पच असतं असं नाही. मागच्या हंगामात धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाल्यावर एक गाडी आली, अंगणात धानाच्या पोत्यांशेजारी उभी राहणारी. तिचीही बॅटरी नुकतीच बदलली होती आणि तिलाही दिवा लागला होता. मालकानं सगळा दोष बॅटरीला दिला. मी खाली वाकून पाहिलं तर ऑक्सिजन सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या एवढाच त्यांचा संबंध. धान घरात आलं की उंदीर येतात, आणि रात्री ते गरम इंजिनवर जाऊन बसतात. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी बॉनेट उघडून बघावं.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना आणखी एक सांगतो. कोड पुसले तरी खूण उरते. प्रत्येक गाडी स्वतःच्या काही चाचण्या घेत असते. कोड पुसले की त्या सगळ्या 'अपूर्ण' होतात आणि पूर्ण व्हायला गाडी काही दिवस नीट चालावी लागते. रीडर लावून त्या चाचण्या बघा. दिवा विझलेला आहे पण चाचण्या अपूर्ण आहेत, असं दिसलं तर समजा की कोणीतरी नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलीय. विकणाऱ्याला सरळ विचारा, आणि आठ दिवसांनी पुन्हा बघून मगच पैसे द्या.

गुरुजींनाही मी हेच सांगितलं: आठ दिवस चालवा, मग दाखवायला आणा. माझी मजुरी, शिशाची टोपी आणि थ्रॉटल क्लीनर मिळून जे झालं, ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "एवढेच?" म्हणाले. निघायच्या आधी त्यांनी स्वतः घड्याळ लावलं, मोबाईलमध्ये बघून, मिनिटाला मिनिट.

आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर ते आले. मी रीडर लावला. कोड नाही, चाचण्या सगळ्या पूर्ण. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती. गाडीतही तेच.